पूर २०२१ चा, व्हिडिओ 'आत्ताचा', आणि मध्यरात्री वेर्ण्याहून सत्तरीला धावलेला मी

म्हादईकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा रागाच्या भरात काढतोय, त्यामुळे सुरुवातीला थोडं पाल्हाळ होईल. सांभाळून घ्या.

काल माझी सेकंड शिफ्ट होती, गोव्यात वेर्ण्याला. घर सत्तरीत, नदीकाठी. रात्री पावणेबाराला बाहेर येऊन फोन उघडला, तर भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ. तांबडं पाणी, त्यातून वाहत चाललेली आख्खी पोफळ आणि आमच्या वाड्यावर जाणाऱ्या साकवावरून हातभर पाणी. खाली एकच ओळ : 'आत्ताची परिस्थिती. सर्वांना कळवा.'

घरी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेजारी लावला, तेच. काकांना लावला, तेच. सुपरवायझरला सांगून गाडी काढली. बोरीचा पूल, फोंडा, खांडेपार, उसगाव. पाऊस असा की वायपर नुसता शोभेला. दीडच्या सुमारास अंगणात पोचलो, तर आई टॉर्च घेऊन दारात. 'कितें रे, काम गेलें तुजें?'

नदी? नदी घाटाच्या पायऱ्यांच्या खाली, आपल्या जागी. संध्याकाळी लाईट गेली होती, दहाच्या सुमारास टॉवरही गेला, म्हणून कुणाचाच फोन लागत नव्हता. आई गाढ झोपली होती, माझ्याच गाडीच्या आवाजाने जागी झाली.

सकाळी तोच व्हिडिओ शांतपणे पाहिला. साकवाचा लोखंडी कठडा एका टोकाला वाकलेला दिसतो. तो साकव २३ जुलै २०२१ च्या पुरात वाहून गेला. आज तिथे सिमेंटचा पूल आहे. त्या साकवावरून मी सात वर्षं शाळेत गेलोय, आणि मध्यरात्री मला तो ओळखता आला नाही. याचाच जास्त राग आहे.

पण याच ग्रुपची दुसरी बाजूही सांगतो. २०२१ च्या त्या शुक्रवारी सकाळी वरच्या वाड्यावरच्या चुलतभावाचा मेसेज आला होता : 'पाचवी पायरी गेली. आम्ही गुरं सोडली.' एवढंच. बाबांनी तो वाचला आणि गोठा रिकामा केला, भाताची पोती माळ्यावर टाकली. दोन तासांनी गोठ्यात कमरेएवढं पाणी. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा खुद्द मुख्यमंत्री म्हणाले होते. राज्यभरात हजारभर घरांचं नुकसान झालं. आमची गुरं वाचली ती त्या दोन वाक्यांमुळे.

फोन तोच, ग्रुप तोच, माणसंही तीच. मग फरक कुठे पडला? 'सोशल मीडिया शाप की वरदान' हा निबंध दहावीत लिहून झालाय, तो नको. तुमच्या गावात, तुमच्या अंगावर आलेलं सांगा.

फोंड्याचा_भाचा | सोमवार, रात्री १०:३१

'काम गेलें तुजें?' धागा इथेच जिंकला. पोच देऊन ठेवतो, सविस्तर नंतर.

निवृत्त_लाईनबॉय | सोमवार, रात्री ११:२०

तीस वर्षं दूरसंचारात काढली, बहुतेक खांबावर आणि टॉवरखाली. तुमचा फोन का लागला नाही ते सांगतो, कारण लोक लगेच 'कंपनी चोर' म्हणून मोकळे होतात. (चोर असतीलही. कारण मात्र वेगळं असतं.)

टॉवर हे विजेवर चालणारं यंत्र आहे. लाईट गेली की ते बॅटरीवर जातं. बॅटरी काही तास पुरते, पण जुनी झालेली असेल तर त्याहून कमी. पुढे जनरेटर असला तर डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी ज्या रस्त्याने यायची त्याच रस्त्यावर नेमकं झाड आडवं पडलेलं असतं. म्हणून वादळात नेटवर्क बहुतेकदा त्या क्षणी जात नाही, लाईट गेल्यावर काही तासांनी जातं. तुमच्याकडे संध्याकाळी लाईट आणि दहाला टॉवर, अगदी नियमाप्रमाणे झालं.

दुसरं असं की टॉवर चालू असला तरी त्याला मागे जोडणारी फायबर तुटलेली असू शकते. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि काहीच जात नाही, ते यामुळे. टोंगामध्ये १५ जानेवारी २०२२ ला समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला आणि देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक सागरी केबल तुटली. मुख्य बेटाची केबल जोडायला पाच आठवडे लागले. इंटरनेट म्हणजे जाळं, एक धागा तुटला तर दुसरीकडून वाट काढतं, हे पुस्तकात खरं आहे. पण वाट काढायला दुसरा धागा लागतो ना! आपल्या सत्तरी-सांगे-काणकोणच्या कित्येक वाड्यांना तो एकच असतो.

तिसरी गर्दी. काहीही झालं की सगळे एकदम फोन लावतात. फोनवर बोलायला टॉवरवरची एक जागा तुम्ही बोलत असेपर्यंत अडवून ठेवावी लागते. साधा एसएमएस मात्र चिठ्ठीसारखा असतो. फट मिळाली की सरकतो, नाही मिळाली तर केंद्रात थांबून पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून अशा वेळी दहा कॉल करू नका, एक एसएमएस टाका. व्हॉट्सॅपवर टाकायचंच असेल तर नुसता मजकूर. व्हिडिओ नको, आणि ती तीन मिनिटांची ऑडिओ क्लिप तर मुळीच नको.

आणि ११२ लावताना आपल्या कंपनीचं नेटवर्क नाही म्हणून थांबू नका. आणीबाणीचा कॉल आसपास ज्या कुठल्या कंपनीचा टॉवर जिवंत असेल त्यावरून जातो.

म्हादईकाठ | सोमवार, रात्री ११:४४

काका, मग एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसरीच्या टॉवरवरून नेहमीचा फोन का नाही लागत?

निवृत्त_लाईनबॉय | सोमवार, रात्री ११:५८

लागू शकतो, पण ती सोय मुद्दाम उघडावी लागते. तिला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी दूरसंचार खात्याने गुजरातच्या किनारपट्टीच्या जिल्ह्यांत ती उघडली होती. तेव्हा लोकांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने दुसरं नेटवर्क निवडायचं असतं. ते 'नेटवर्क सिलेक्शन' कुठे आहे हे आजच शोधून ठेवा. वादळात पाच टक्के बॅटरीवर शोधणं जमत नाही.

बॅटरीवरून आठवलं. टॉवर मेला की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच संपतो. विमान मोडवर टाका आणि तासातून एकदा पाच मिनिटं उघडा. घरात चार फोन असतील तर चारही एकदम चालू ठेवू नका.

आसगावची_सून | मंगळवार, सकाळी ९:०५

तौक्ते वादळ. १६ मे २०२१, रविवार. आमच्याकडे चार दिवस लाईट नव्हती. घरासमोरचा आंबा विजेच्या खांबावर पडला, खांब कुंपणावर आणि कुंपण गाडीवर. त्या खांबावरूनच इंटरनेटची केबलही येत होती. म्हणजे एका आंब्याने लाईट, इंटरनेट आणि गाडी तिन्ही एका दमात. आंबेही कच्चेच होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कोविडची दुसरी लाट चालू होती आणि सासूबाई घरी ऑक्सिजन काँसंट्रेटरवर होत्या. ते यंत्र विजेवर चालतं. इन्व्हर्टर दुपारपर्यंत ओढला. सिलेंडर एक होता, तो किती तास पुरेल याचा हिशेब मी दर वीस मिनिटांनी करत होते. दिराने टेकडीवर चालत जाऊन एका मदत करणाऱ्या ग्रुपवर मेसेज टाकला : पत्ता, माझा नंबर, 'जनरेटर हवा, पेशंट ऑक्सिजनवर'. तीन तासांत एक मनुष्य छोटा जनरेटर पिकअपमध्ये घालून दारात. ना ओळख, ना पाळख. पैसे विचारले तर म्हणाला, 'आधी चालू होतो का बघूया.' पेट्रोल तेवढं आमच्याकडून घेतलं.

आता गंमत ऐका. जनरेटर आला, लाईट आली, सासूबाई बऱ्या झाल्या. तो मेसेज मात्र फिरतच राहिला. पुढचे आठ-दहा दिवस मला फोन. पेडण्याहून, मग नाशिकहून, मग नागपूरहून. 'ताई, जनरेटर मिळाला का?' कुणी रात्री दोनला. सगळे बिचारे मनापासून विचारत होते, चिडता येईना. नागपूरच्या एका आजोबांनी तर तीनदा केला. दिराने मेसेजमध्ये सगळं लिहिलं होतं, फक्त तारीख आणि वेळ नव्हती.

म्हादईकाठ, तुमच्या व्हिडिओची आणि माझ्या मेसेजची चूक एकच आहे. माझा खरा होता एवढाच फरक.

फोंड्याचा_भाचा | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, +१००. एक शंका : आमच्याकडे राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरी शेजारच्या गल्लीतली लाईट गेली की इंटरनेट जातं. असं कसं?

निवृत्त_लाईनबॉय | मंगळवार, सकाळी १०:१५

फायबर दोन तऱ्हेने येते. एकीत मधल्या वाटेवर विजेचं काहीच नसतं, नुसता प्रकाश विभागणारी काच. दुसरीत केबलवाल्याने वाटेत कुणाच्या तरी खांबावर नाहीतर गॅलरीत डबा ठेवून त्यात विजेवर चालणारा स्विच बसवलेला असतो. तुमचा डबा शेजारच्या गल्लीतल्या लाईटवर आहे. केबलवाल्याला विचारा, डब्याला बॅटरी आहे का. 'हो हो आहे' म्हणेल. दाखव म्हणा.

पुणे३८ | मंगळवार, सकाळी ११:०२

सगळं ठीक, पण गोवेकरांनी एकदा ठरवा. टॉवर आला की ग्रामसभेत 'नको नको' आणि फोन लागला नाही की रडारड. सॅटेलाइट इंटरनेट येतंय, ते घ्या आणि विषय संपवा.

म्हादईकाठ | मंगळवार, दुपारी १२:३०

पुणेकर, अर्धं बरोबर बोललात, उरलेलं अर्धं पुण्यात बसून बोललात. टॉवरला विरोध होतो हे खरं आहे आणि कधीकधी तो भीतीपोटी होतो, हेही मान्य. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी आणि सांग्यातली पोरं ऑनलाइन शाळेसाठी डोंगरावर ताडपत्री बांधून बसायची. त्या गावांत टॉवरला नको म्हणणारं कोणी नव्हतं, टॉवरच येत नव्हता. आणि सॅटेलाइटच्या ताटलीलासुद्धा वीज लागते हो.

काणकोणकर_जुना | मंगळवार, दुपारी ३:१८

काणकोणचा पूर, २ ऑक्टोबर २००९. गांधी जयंती म्हणून सुट्टी. त्या दिवशी काही तासांत जो पाऊस पडला तसा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. डोंगरउतार घसरले, तळपण आणि गालजीबाग या नद्या एकदम चढल्या. बाजारात, घरांत, शाळेत चिखलपाणी.

तेव्हा गावात व्हॉट्सॅप कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे अफवाही नव्हत्या, असं तुम्हाला वाटेल. अफवा होत्याच. पायी चालणाऱ्या अफवा एवढंच, वेग कमी. पण इशाराही नव्हता. वरच्या गावात पाणी चढतंय हे खालच्यांना पाणी दारात आल्यावर कळलं. आम्हाला कळलं ते मावसभाऊ ओरडत आला म्हणून. तो धावला म्हणून म्हातारी बाहेर निघाली. तुमच्या 'पाचवी पायरी गेली'सारखं एक वाक्य त्या दिवशी वरून खाली आलं असतं तर निदान कपाटातले कागद वर ठेवले असते. घराची कागदपत्रं मी अजून तालुक्याला फेऱ्या मारून जमवतोय.

त्यामुळे 'पूर्वी बरं होतं' असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

अवांतर : घरात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर ठेवा. लाईट आणि नेटवर्क दोन्ही बंद पडलं तरी आकाशवाणी पणजी लागते.

कोचीतला_मालवणी | मंगळवार, रात्री ८:५०

केरळचा २०१८ चा पूर मी इथे राहून पाहिला आहे. आमच्या ऑफिसातले बरेच जण मदतीच्या कामात रात्री जागत होते, मीही चार रात्री फोनवर बसलो. मल्याळम तोडकीमोडकी, पण आकडे भरायला पुरेशी.

केरळच्या आयटी मिशनने स्वयंसेवक तंत्रज्ञांना घेऊन 'केरळरेस्क्यू' नावाचं संकेतस्थळ उभं केलं होतं. त्याचा कोडसुद्धा सगळ्यांसाठी खुला होता, जगभरातली मल्याळी पोरं रात्रीबेरात्री त्यात भर घालत होती. लोक विनंती टाकत : कुठे अडकलोय, किती जण, आजारी कोण. ती यादी खाली बचावपथकांकडे जात होती. खरे वीर अर्थात मच्छीमार. ट्रकवर होड्या चढवून किनाऱ्यावरून आत आले. पण त्यांना कुठल्या गल्लीत जायचं हे सांगायला ती यादी कामाला आली.

यादी वाढवणं सोपं होतं, कमी करणं महाकठीण. एकाच घरासाठी दुबईचा मुलगा, बंगळूरची मुलगी आणि शेजारचा भाचा असे तिघे विनंती टाकत. घरातली माणसं दुपारीच छावणीत गेलेली असत, पण 'सुटका झाली' असं परत येऊन कुणी लिहीत नाही. सुटलेला माणूस आधी झोपतो. आमचं निम्मं काम म्हणजे फोन लावून विचारणं, 'तुम्ही अजून तिथेच आहात का?' ज्या विनंतीत शेवटचा संपर्क किती वाजता झाला ते लिहिलेलं असे, ती आम्ही आधी घेत होतो.

दुसरा त्रास मुल्लपेरियार धरण फुटल्याच्या ऑडिओ क्लिपचा. धरणाला काही झालं नव्हतं. तरी आवाजात असा काही ठामपणा, की छावणीतून लोक उठून निघाले. पोलिसांनी त्यावर गुन्हे नोंदवले. लिहिलेल्या खोट्यापेक्षा बोललेलं खोटं जास्त चालतं, हे मी तिथे शिकलो.

एक साधी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोनला आपली जागा इंटरनेटशिवायही कळते, ती थेट उपग्रहावरून मिळते. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. ते एसएमएसमध्ये टाका. 'वडाच्या झाडापासून पुढे' हे होडीवाल्याला पाण्यात काय कळणार? वड बुडालेला असतो.

डेस्कवरून | मंगळवार, रात्री १०:०५

वर्तमानपत्रात रात्रपाळी करतो. जून ते सप्टेंबर मला रोज चाळीसेक 'आत्ताचे' व्हिडिओ येतात.

माझा पहिला प्रश्न एकच असतो : 'तू स्वतः काढलास?' 'नाही, मित्राने पाठवला.' 'मित्राने काढला?' तिसऱ्या प्रश्नापर्यंत निम्मे गळतात. मग झाडं, खांब, दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर. मागे एकदा 'म्हापशात पूर' म्हणून आलेल्या व्हिडिओत सगळ्या रिक्षा हिरव्या-पिवळ्या होत्या.

व्हॉट्सॅपने पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली आहे. भारतात २०१८ पासून एका वेळी पाच ठिकाणी, आणि २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. त्यावर दुहेरी बाण दिसतो. पण कुणी तो व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने चढवला की बाण गायब. म्हादईकाठ, तुमच्या भावकीतल्या कुणीतरी बहुधा हेच केलं असणार, तेही भाबडेपणाने.

हे आपलंच दुखणं आहे असं नाही. पुराच्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा एक फोटो २०११ च्या आयरीन वादळापासून अमेरिकेत दर वादळाला फिरतो. कयाकच्या मागे पोहणाऱ्या शार्कच्या मूळ फोटोतून तो कापून चिकटवलेला आहे. आमच्याकडे त्याची जागा साळावलीच्या सांडव्याने घेतली आहे. धरण भरून वाहू लागलं की दरवर्षी तोच व्हिडिओ, खाली 'धोक्याचा इशारा'. अहो, सांडवा वाहण्यासाठीच बांधलेला असतो. लोक तिथे सेल्फी काढायला जातात.

पण प्रत्येक वेळी अफवाच असते असंही समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर पेडण्यात इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात खरोखर पाणी घुसलं होतं. 'पाणी सोडलं' हे खरं होतं. ते 'धरण फुटलं' व्हायला तीन फॉरवर्ड पुरतात. मग पुढच्या वर्षी खरंच पाणी सोडतात तेव्हा लोक हसतात.

आणखी एक, हे फार कमी जण लक्षात घेतात. फेसबुक किंवा एक्स तुम्हाला गोष्टी घडल्या त्या क्रमाने दाखवत नाहीत, लोकांनी जास्त पाहिल्या त्या आधी दाखवतात. त्यामुळे परवाचा रेड अलर्ट आज सकाळी सर्वांत वर असतो, कारण परवा तो सगळ्यांनी शेअर केला. हवामान खात्याचा आजचा यलो खाली कुठेतरी. अलर्ट बघायचा तर खात्याच्या पानावर जाऊन तारीख बघा. कंपनीच्या मर्जीवर किती अवलंबून राहायचं हाही प्रश्नच आहे : एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने आपोआप पडणाऱ्या पोस्टवर मर्यादा आणली, तर अमेरिकेच्या हवामान खात्याचे इशारेच अडकले होते.

जाता जाता : आपत्तीबाबत घबराट पसरवणारा खोटा इशारा फिरवला तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. काकांना हे वाचून दाखवा. काका ग्रुप सोडून जातील, तो धोका आहे.

पुणे३८ | मंगळवार, रात्री १०:४०

डेस्कवरून, उत्तम प्रतिसाद. ताटलीचं विधान मागे घेतो. वाचनखूण साठवली.

आसगावची_सून | बुधवार, सकाळी ८:२२

तो फोनवर भोंग्यासारखा वाजणारा सरकारी इशारा येतो, त्याचं काय? २०२३ मध्ये चाचणी झाली तेव्हा सासूबाईंनी फोन उशीखाली दाबून धरला होता. स्फोट होईल म्हणाल्या. माझ्या फोनवर मजकूर इंग्रजीत होता.

निवृत्त_लाईनबॉय | बुधवार, सकाळी ९:५०

त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. आपली यंत्रणा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवली आहे. एकेकाला पाठवला जात नाही, टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या हद्दीतले सगळे फोन ऐकतात. त्यामुळे गर्दीत अडकत नाही आणि तुमचा नंबर कुणाकडे असायचीही गरज नाही. बाहेरून आलेल्या पर्यटकालाही जातो, गोव्यात हे महत्त्वाचं. पण टॉवर जिवंत हवा. फिरून तिथेच येतो आपण.

मजकूर लोकांच्या भाषेत हवा यावर दुमत नाही. भोंगा ऐकून घाबरायचं की शेतातून वर यायचं, हे आजीला वाचून कळलं पाहिजे.

म्हादईकाठ | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी होती, वाड्यावर बसून भावकीशी बोललो. व्हिडिओ टाकणारे काका आधी रागावले, मग म्हणाले, 'मला आला, मी दिला. काळजीने दिला.' खोटं नाही ते.

बोलता बोलता एक भलतीच गोष्ट बाहेर आली. २०२१ मध्ये भावाने 'पाचवी पायरी' लिहिलं होतं, ते त्याने खालून मोजून. बाबांनी वाचलं ते वरून मोजून. घाटाला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या आहेत. म्हणजे प्रत्यक्षात पाणी बाबांना वाटलं त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होतं, आणि ते दोन पायऱ्या आधी घाबरले. म्हणून गुरं वाचली! उलटं झालं असतं तर? जेवताना आम्ही सगळे यावर हसलो, पण बाबा हसले नाहीत.

गांजे गावाला केंद्रीय जल आयोगाचं पाण्याचं मोजमाप आहे, पण ते नदीच्या खालच्या अंगाला, आमच्या पुढे. आमच्या वाड्याला आमच्या पायऱ्याच. मग दुपारी उघडीप मिळाली तेवढ्यात ऑइल पेंटने आकडे घातले. खालून वर, १ ते ११. सातव्यावर लाल पट्टा, तिथून गुरं सोडायची. वेगळा ग्रुप केला, त्यात फक्त वेळ, पायरी आणि कुणी पाहिली ते. फोटो नाही, 'सुप्रभात' नाही, देव नाहीत. दोघांनी लगेच विचारलं, देवही नाहीत?

काणकोणकर_जुना | बुधवार, रात्री ९:४८

रात्री दोनला घाटावर बघायला कोण जाणार?

म्हादईकाठ | बुधवार, रात्री १०:०३

हाच प्रश्न होता. पलीकडचे आबा. पंचाहत्तरी उलटली, साधा बटणांचा फोन, झोप नाही. ते तसेही दर रात्री उठून पाणी बघतात, कुणी विचारत नव्हतं एवढंच. ते माझ्या भावाला फोन करतील, भाऊ टाईप करेल. फोन लागला नाही तर आबांच्या नातवाने देवळाची घंटा वाजवायची, हे आईचं डोकं.

आणि आईने पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, यादीत सोलं, सुकी मासळी, मीठ यांच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय : 'पावर ब्यांक २'.

फोंड्याचा_भाचा | बुधवार, रात्री १०:१०

आई फॅन क्लब काढा कुणीतरी.

डेस्कवरून | बुधवार, रात्री ११:३०

पायऱ्यांचा फोटो टाका ना, छापतो.

म्हादईकाठ | शनिवार, सकाळी ७:०२

फोटो जात नाहीये, काल रात्रीपासून लाईट नाही. मजकूर तेवढा सरकतोय. ग्रुपवरचा आजचा मेसेज जसाच्या तसा देतो :

'शनिवार, सकाळी ६:१०. पायरी ३. पाणी गढूळ नाही. पाहिलं आबांनी. वरच्या बाजूला पाऊस थांबलाय असं आबा म्हणतात, ते मी पाहिलेलं नाही.'